कवा वापस जासान?

आमच्याकडे पाहुणा आला की पाणी देतात, चहा मांडतात, पाऊसपाणी विचारतात, पऱ्हाटी कशी आहे, तुरीला भाव काय लागला सगळं विचारतात, पण "जाता कवा" हे कोणी विचारत नाही. विचारलं तर समजायचं की ह्या घरी आता परत पाय ठेवायचा नाही. आणि परदेशात विमानातून उतरलं की इमिग्रेशनच्या खिडकीतला माणूस पहिल्या दमात तेच विचारतो, किती दिवस राहणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, वापस कवा जासान. जन्मभर संत्र्याचा बगीचा केलेला, चार गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस, त्याला आधी तर हा अपमानच वाटतो, आणि मग तो आपल्या रीतीनं उत्तर देतो, "पोरगं म्हणीन तवर राहू." मायेचं उत्तर आहे, खरंही आहे. त्या खिडकीवर मात्र ह्याच्याहून वाईट उत्तर शोधून सापडायचं नाही.

मी वरूडकडच्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पीएम किसानची केवायसी, हेच रोजचं काम. पण गेल्या काही वर्षांत पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म पण यायला लागले, कारण बडनेरा-अमरावती-नागपूरच्या कॉलेजातून इंजिनीअर झालेली पोरं पुण्याला गेली, तिथून हैदराबाद, तिथून डलास नाहीतर म्युनिक, आणि आता त्यांना लेकरं झाली. लेकरू झालं की आजी पाहिजे. आजीचं आधार कार्ड माझ्याकडेच काढलेलं असतं म्हणून पासपोर्टासाठी पण ती माझ्याकडेच येते. तर मी काही वकील नाही, कन्सल्टंट तर नाहीच नाही, पण हे कागद इतक्यांदा भरले आणि गेलेल्या-आलेल्यांच्या इतक्या गोष्टी ऐकल्या की थोडं लिहावं वाटलं.

पहिली गोष्ट, जी अर्ध्याहून जास्त लोकांना कोणी सांगितलेलीच नसते. व्हिसा म्हणजे आत घ्यायची हमी नाही. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन, इंटरव्ह्यू देऊन, दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर चिकटून आला की लोक पेढे वाटतात, पण तो कागद फक्त त्यांच्या दारापर्यंत जायचा आहे. दार उघडायचं की नाही हे दारातला ऑफिसर ठरवतो, आणि किती दिवस आत राहायचं हेही तोच ठरवतो. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहता येते असं समजणारे भेटलेत मला, चांगले शिकलेले. आई-बापाच्या व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने देतात, आणि शेवटची तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, ती ऑनलाइन पाहता येते, पोराला सांगून पहिल्याच आठवड्यात प्रिंट काढून ठेवायची. युरोपात, म्हणजे शेंगेनच्या देशांत, हिशोब वेगळा, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथं येणं-जाणं मशीनवर चढायला लागलं आहे, बोटांचे ठसे आणि फोटोसकट, म्हणजे शिक्का पुसट होता वगैरे कारणं संपली.

बरं, ज्याला आत घेत नाहीत त्याला वापस कोण आणतो? ज्या विमान कंपनीनं नेलं तीच. वरून कागदपत्रं न पाहता नेलं म्हणून कंपनीला दंड पण बसू शकतो, ब्रिटनमध्ये एका माणसामागं २,००० पौंड. म्हणून तर नागपूर नाहीतर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरची पोरगी इतक्या बारकाईनं पासपोर्ट चाळते, परतीचं तिकीट मागते. लोक तिच्यावरच चिडतात, "तुले काय करायचं हाय?" तिला बरंच काही करायचं आहे. तिनं इथंच थांबवलं तर उपकार समजा, नाहीतर सोळा-अठरा तास तिकडं जाऊन तसेच वापस.

आता माझा खरा मुद्दा. आमच्याकडचा माणूस खिडकीवर अडकतो तेव्हा बहुतेक वेळा कागद कमी नसतो, कागद भरमसाट असतात, पण त्या कागदावरचा माणूस वेगळा असतो आणि खिडकीत उभा असलेला वेगळा. कागदावरचा माणूस दुसऱ्याच कोणीतरी तयार केलेला असतो. पोरानं रात्री अकराला ऑफिसातून येऊन घाईत भरलेला, नाहीतर शहरातल्या एजंटनं भरलेला. एजंटची एक मोठी खोड, त्याला शेतकरी हा शब्द आवडत नाही. तो लिहितो 'बिझनेस'. महिन्याची कमाई टाकतो आपल्या मनानं. एका काकाजींच्या फॉर्मवर 'ॲग्रो एक्स्पोर्ट' होतं. काकाजींचा संत्रा वरूडच्या मार्केटच्या पुढं गेला नव्हता, तोही व्यापाऱ्यानं झाडावरूनच घेतलेला. मी म्हटलं, काकाजी, हे वाचलं का तुम्ही? तर म्हणे, "मले इंग्रजी येते का बाप्पा, त्यानं सही कर म्हनलं, म्या केली."

अमेरिकेच्या त्या फॉर्मात, डीएस-१६० म्हणतात त्याला, शेवटी एक प्रश्न असतो की हा फॉर्म भरायला कोणी मदत केली का. एजंट तिथं बिनधास्त 'नाही' टाकतो. म्हणजे ज्या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्यानं पंधरावीस पानांचा इंग्रजी फॉर्म एकट्यानं भरला असं लिहून तो सही घेतो. हे पाहून मला दरवेळी चीड येते. खोटी माहिती मुद्दाम दिली हे एकदा ठरलं तर अमेरिकेत कायमची बंदी लागू शकते, आणि ती बंदी एजंटला लागत नाही, काकाजीला लागते.

म्हणून मी काय करतो, फॉर्म भरायच्या आधी आणि भरल्यावर पूर्ण मराठीत वाचून दाखवतो. वेळ जातो, मागं पीकविम्याची लाइन लागलेली असते, लोक बोंबलतात, जाऊ दे. आणि जाणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतो नातवाला नाहीतर पुतण्याला, समोर खुर्चीवर बसवून. कायले चालले? पोराच्या घरी, नातू झाला. कुठे राहता? पोराचं नाव, गाव, पत्ता. किती दिवस? इथं मी थांबवतो. "तवर राहू" नाही, तारीख सांगा. आणि तारखेचं कारण तर आमच्याकडच्या माणसाजवळ जगात कोणाजवळ नसेल इतकं पक्कं आहे, मिरगाच्या आत घरी पोचायचं, ७ जूनला मृग लागते, पेरणी कोण करणार? "माझं वावर हाय, जूनमध्ये पेरणी हाय, २८ मेचं तिकीट हाय." झालं. हे खरं आहे, त्याचं स्वतःचं आहे, पाठ करावं लागत नाही. ऑफिसरला शंका एकच असते की हा माणूस इथंच तर राहून जाणार नाही ना. अमेरिकेच्या कायद्यात तर व्हिसा देतानाच असं धरून चालतात की येणारा प्रत्येकजण कायमचा राहायलाच येतो, तसं नाही हे येणाऱ्यानं पटवायचं. आमच्या लोकांना तर हे ऐकून हसूच येते. वावर सोडून तिथं राहायचं? चार महिन्यांतच बांधाची आठवण येऊन घरी यायचं वेड लागते.

एक शब्द मात्र सांभाळायचा. 'काम'. सुनेचं बाळंतपण आहे, आजी चालली, तिला विचारलं कशाला आली, ती कौतुकानं म्हणते, कामाला आली, लेकराचं सगळं मीच करणार. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसानं काम म्हटलं की समोरच्याचे कान उभे राहतात. नातवाला पाहायला आली, पोरा-सुनेसोबत राहायला आली, हे खरं कारण आहे, तेच आधी सांगायचं. ब्रिटनच्या नियमात सुद्धा थोड्या दिवसांसाठी येऊन घरच्या लेकराला सांभाळणं चालते, पण ती नोकरी व्हायला नको. आजीला पगार कोण देते म्हणा, पण ते त्याला काय माहीत. भाषा समजत नसेल तर हो-हो करत मान हलवायची नाही, 'हिंदी' नाहीतर 'मराठी' एवढं म्हणायचं, दुभाष्या फोनवर का होईना आणतात. आमच्या लोकांची ही फार वाईट सवय, समजलं नाही तरी मान हलवतात, बँकेत पण तसंच करतात.

बोटांचं एक सांगायचं राहिलं. निंदण, वेचणी, पऱ्हाट्या उपटणं करून करून बोटांच्या रेषा घासलेल्या असतात, राशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे. तीच बोटं व्हिसाच्या सेंटरवर आणि तिकडच्या खिडकीवर पण ठेवायची असतात. नाही उठली तर गुन्हा नाही, दोनतीनदा करून घेतात, पण घाबरायचं नाही, आणि जायच्या आधी महिनाभर रोज खोबऱ्याचं तेल लावा म्हणून मी सांगतो. फरक पडतो.

खिडकीतून सुटलं की कस्टम. तिथला प्रश्न तर खास आपल्यासाठीच बनवला असं वाटते. अमेरिकेच्या फॉर्मवर विचारतात, शेतावर गेला होता का, जनावरांच्या जवळ होता का. काही विमानतळांवर कागद देतच नाहीत, तोंडीच विचारतात. आता ज्यानं निघायच्या दिवशी पहाटे म्हशीचं दूध काढलं तो काय सांगणार? खरंच सांगायचं, हो. हो म्हटल्यावर फार तर बूट पाहतात, चिखल असला तर साफ करायला लावतात. नाही म्हणून बुटाच्या तळव्याला काळी माती निघाली तर मग मात्र पंचाईत. पावसाळ्यात आमची काळी माती कशी चिकटते ते सांगायला नको, बूट धुतला तरी खाचेत राहतेच. ऑस्ट्रेलियाच्या कार्डावर तर मागच्या ३० दिवसांत शेतात, जनावरांत, नदीनाल्यावर गेला होता का असं विचारतात, आणि तिथं खाण्याच्या वस्तू लपवल्या म्हणून व्हिजिटर व्हिसा विमानतळावरच रद्द करायला २०१९ मध्ये सुरुवात झाली. दंड करून सोडत होते, आता वापसच पाठवू शकतात. मी तर सरळ सांगतो, नवीन चप्पल घ्या, वावरातली घरी ठेवा.

आणि बॅग! बॅगेत काय भरतात हे पाहिलं की मला चक्कर येते. कुरडया, पापड, सरगुंडे, सांडगी मिरची, हे ठीक, सांगून न्या, विचारलं की उघडून दाखवा. सांगितलेलं सामान फार तर काढून घेतात, न सांगितलेलं सापडलं की दंड, अमेरिकेत पहिल्यांदा साधारण ३०० डॉलर. ताजं फळ, गोडलिंबाचा पाला, बियाणं, हे नाहीच न्यायचं, संत्रा कितीही गोड असला तरी नाही. तांदूळ पण अमेरिकेत नेऊ देत नाहीत, धान्य खाणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीनं, आणि ज्यानं कोठारात खापरा पाहिला त्याला ही भीती पटेल. पण सगळ्यात मोठी भानगड खसखशीची. सावजी मसाल्यात खसखस, अनारसे खसखशीवर थापलेले, बाळंतिणीच्या लाडवात खसखस, आपल्याला ती किराणा दुकानातली वस्तू. दुबई, अबुधाबी म्हणजे अख्ख्या यूएईत ती अफूच्या झाडाची म्हणून बंद, सिंगापुरात पण बंद, आणि बंद म्हणजे नुसती फेकून देतात असं नाही, ड्रग्सच्या कायद्यात माणूस आत जाऊ शकतो. दुबईवरून फक्त विमान बदलायचं असेल तरी जपा. खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, ह्याला पण तिकडं आधी परवानगी लागते, डॉक्टरची चिठ्ठी सोबत पाहिजेच. आणि खर्रा. हो, खर्रा. सिंगापुरात खायचा तंबाखू नेणंच बंद आहे. पन्नीत घोटून खिशात ठेवून चालले मोठे.

खर्ऱ्यावरून आठवलं, ह्या टुरा. कृषी केंद्रवाल्यांना औषधाच्या, बियाण्याच्या कंपन्या टार्गेट पूर्ण केलं की फॉरेनला नेतात, बँकॉक, दुबई, बाली. दिवाळीनंतर स्टेटसवर सगळे हत्तीसोबत. थायलंडनं जुलै २०२४ पासून आपल्याला व्हिसाशिवाय जास्त दिवस राहायची सूट दिली, मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसाशिवाय, त्यामुळं लोकांना वाटते आता काहीच लागत नाही. व्हिसा लागत नाही म्हणजे विचारपूस होत नाही असं नाही, उलट जिथं आधी कोणी तपासलंच नाही तिथं सगळं खिडकीवरच तपासतात. थायलंडला मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागते, पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येते, फुकट आहे, आणि त्याच्या नावानं पैसे घेणाऱ्या बनावट साइट पण आहेत. मलेशियाचं तसंच, सिंगापूरचं तसंच. ह्या ग्रुपमधल्या माणसाला विचारलं हॉटेल कोणतं, तो म्हणतो "टूरवाल्याले मालूम." टूरवाला चार लाइनी पलीकडं. हॉटेलचं नाव, परतीचं तिकीट, हे प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात कागदावर पाहिजे, मोबाइलमध्ये नको, तिथं उतरल्यावर नेट कुठे असते. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात सरकारी साइटवर परत पाहा, मागच्या वर्षी गेलेल्या साळ्याला विचारून भागत नाही.

नेपाळला तर आपल्याकडचे लोक गाडी करून जातात, लुंबिनीला. तिथं पासपोर्ट लागत नाही हे खरं, पण आधार कार्ड चालते हे अर्धंच खरं. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांचंच चालते. मधल्यांना मतदान कार्ड नाहीतर पासपोर्ट. घरून निघतानाच पाहून घ्या, सीमेवर सुनौलीला पोचून नाही.

नावाचा घोळ वेगळाच. आधारवर 'शांताबाई', पासपोर्टवर 'शांता', तिकिटावर पोरानं 'शांताबेन' टाकलेलं, कारण ट्रॅव्हलवाला गुजराती. राव, जी, बाई, भाऊ हे आपल्याकडे मानाचे शब्द, कॉम्प्युटरला ते नावच वाटतात. काही जुन्या बायांच्या कागदावर आडनावच नाही, लग्नाआधीचं गेलं, नंतरचं कोणी लावलं नाही. यूएईनं नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगून टाकलं की पासपोर्टवर एकच नाव, आडनावाचा रकाना रिकामा, असा माणूस टुरिस्ट व्हिसावर येऊ शकत नाही. जन्मतारीख तर काय, मास्तरनं शाळेत घालताना लिहिली ती, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जुलै. ते चालते, कारण सगळीकडे तीच आहे. अडचण चुकीच्या तारखेनं येत नाही, दोन वेगळ्या तारखांनी येते. आणि पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात ओलीला ठेवलेला, पानं फुगलेली, कोपरा उंदरानं कुरतडलेला, असा पासपोर्ट घेऊन जायचंच नाही, नवीन काढा. संपायला सहा महिने तरी बाकी असावेत.

पोरांचं बोलायला मन होत नाही, पण बोललं पाहिजे. दहावी-बारावी झालेली, वावर कमी, लग्न जुळत नाही, एजंट सांगतो दुबईत महिन्याला इतके, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं पोचून बदलू, कोणी विचारलं तर फिरायला आलो सांग. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते, म्हणजे जायच्या आधी सरकारी तपासणी लागते अशी नोंद, आखाती देश आणि मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारची परवानगी लागते, आणि परवाना असलेले एजंट सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नावानिशी सापडतात. हे टाळायला एजंट टुरिस्ट व्हिसा काढतो. मग पोरगा उभा राहतो खिडकीवर, फिरायला आलो म्हणते, आणि बॅगेत बायोडाटाच्या दहा झेरॉक्स, आयटीआयचं सर्टिफिकेट, परतीचं तिकीट नाही, मोबाइलमध्ये एजंटचे मेसेज. मोबाइल पाहतात बरं का, अमेरिकेत तर बिनधास्त पाहतात. कागद एक सांगतो, बॅग दुसरं, तोंड तिसरं. कधी कधी इथल्याच इमिग्रेशनवर अडवतात, आणि घरचे रडतात, पैसे बुडाले म्हणून. पैसे बुडतात हे खरं. पण मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी थायलंडच्या माई सोतवरून ५४९ भारतीयांना आणलं, नोकरीच्या नावानं नेऊन म्यानमारच्या सायबर फ्रॉडच्या अड्ड्यांवर बसवलेले लोक होते ते. त्यातल्या कोणाला जाताना कोणी अडवलं असतं तर?

कागदावरचा माणूस दुसऱ्यानंच लिहिणं ही काही आजची गोष्ट नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतीसाठी देश सोडला, अमेरिकेत शेतकी शिकले, तिथल्या भारतीयांनी इंग्रजांविरुद्ध काढलेल्या गदर पार्टीच्या उभारणीत होते. तोच काळ कोमागाटा मारू नावाच्या बोटीचा, १९१४, व्हँकुव्हरच्या बंदरात आपल्याकडची ३७६ माणसं बोटीवर दोन महिने, कॅनडाचा नियम होता की स्वतःच्या देशातून थेट, मधे न थांबता आलेल्यालाच घेऊ, आणि भारतातून थेट येणारी बोटच नव्हती. उतरू दिलं फक्त २४ जणांना. खानखोजे पुढं इराण, जर्मनी करत मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, तिथला नामी चित्रकार दिएगो रिव्हेरानं त्यांना भिंतीवरच्या चित्रात भाकर वाटताना रंगवलं. मग देश स्वतंत्र झाला. त्यांनी घरी यायला व्हिसा मागितला तर आधी नाकारला. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं, इंग्रज गेले, यादी तशीच राहिली. ज्या देशासाठी देश सोडला त्याच देशाच्या दारात. नंतर परवानगी मिळाली, नागपुरात राहिले, २२ जानेवारी १९६७ ला गेले. आमच्या भागातल्या किती कृषी पदवीधर पोरांना हे नाव माहीत आहे मी विचारून पाहिलं, जाऊ द्या.

समजा अडवलंच, बाजूच्या खोलीत बसवलं. ते सेकंडरी म्हणतात, तिथं बसवलं म्हणजे वापस पाठवलं असं नाही, खूप लोक तासाभरात सुटतात. आवाज चढवायचा नाही, रडारड नाही, नवी गोष्ट रचायची नाही. पोराचा नंबर कागदावर लिहिलेला पाहिजे. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही, दुभाष्या मागायचा. अमेरिकेत दोन रस्ते असतात, त्यांनी हुकूम काढून पाठवलं तर साधारण पाच वर्षं बंदी, आणि ऑफिसर तयार असला तर आपणच अर्ज मागं घेऊन वापस यायचं, त्यात ती बंदी लागत नाही. शेंगेनमध्ये नाकारलं तर कारणावर खूण केलेला छापील फॉर्म हातात द्यावा लागतो आणि त्यावर अपील करता येते, तो फॉर्म जपून ठेवा. आणि एकदा असं झालं की लपवायचं नाही, पुढच्या प्रत्येक फॉर्मात विचारतात, कधी नाकारलं होतं का. गावात नाही सांगितलं तरी चालते, फॉर्मात सांगा.

सध्या माझ्याकडे एका काकूंचा फॉर्म अडून आहे. व्यवसायाच्या रकान्यावर. पोरगा तिकडून फोनवर म्हणते हाउसवाइफ टाका, सातबारा बाबाच्या नावावर आहे, आईच्या नावानं कमाईचा एक कागद नाही, कशाला लफडं. काकू समोर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग निंदन कोन करते? तुहा बाप? त्यानं मले तथी इचारलं काय करता, तं मी वावरच सांगीन, माह्या तोंडून दुसरं निंगनार नाई." पोराला म्हटलं, बाबू, तिच्या तोंडून जे निघणार आहे तेच टाकू, नाहीतर फॉर्म एक बोलेल न् ही दुसरं बोलेल. शेवटी शेती टाकलं. त्याच्या खाली कामाचं थोडक्यात वर्णन लिहा म्हणून चौकट आहे. काकूंनी सांगायला सुरुवात केली, निंदण, कापूस वेचणी, तूर सोंगणं, बगीच्याचं ओलित, रात्री लाइन आली की मोटर लावणं, मजुरांच्या भाकरी, दोन म्हशी. चौकटीतली अक्षरं संपली. मी म्हटलं म्हशी काढून टाकतो. तर म्हणे, "म्हशी राहू दे, त्या तं तथी इचारतेत म्हनलं ना तू, भाकरी काढ."